अतिलघु अवरक्त लेझर आणि अणू-रेणू: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडातल्या महाविद्यालयांत बोलायला गेलं की बीएस्सीची मुलं, त्यांचे शिक्षक आणि कधीकधी पालकही काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगून भागत नाही. मी आधी लेझरचा स्रोत उभा करणाऱ्यांपैकी आहे आणि मग तो वापरून मोजमापं घेणाऱ्यांपैकी. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच.

‘अतिलघु’ म्हणजे नेमकं किती लहान?

एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेमटोसेकंद. त्याचाही हजारावा भाग म्हणजे ॲटोसेकंद. सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश एका फेमटोसेकंदात जेमतेम ०.३ मायक्रॉन सरकतो.

इतक्या लहान पल्सची, म्हणजे प्रकाशाच्या क्षणिक झोताची, गरज अणू-रेणूंमुळे पडते. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध एकदा ताणून आखडायला साधारण १० फेमटोसेकंद लागतात. बोरच्या प्रारूपात हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवतीची एक फेरी १५२ ॲटोसेकंदांत पुरी करतो. घटना जितक्या वेळात घडते, त्याहून कमी वेळाची पल्स हातात असल्याशिवाय ती घटना सुटी करून पाहता येत नाही. अहमद झेवैल यांना १९९९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी: रासायनिक बंध तुटताना आणि जुळताना फेमटोसेकंद लेझरने पाहणं.

पण अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडच्या न दिसणाऱ्या, प्रकाशाची लहर मुळातच मोठी असते. मग त्याची पल्स लहान कशी होणार? लहानच हवी तर निळा प्रकाश का घेत नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याने विषयाच्या मर्मावर बोट ठेवलेलं असतं. पल्स कितीही लहान केली तरी तिच्यात लहरीचं निदान एखादं आवर्तन मावायला हवं. ८०० नॅनोमीटरला एक आवर्तन २.७ फेमटोसेकंदांचं असतं, तर ३ मायक्रॉनला ते १० फेमटोसेकंदांचं होतं. म्हणजे तरंगलांबी वाढवली की पल्स लहान करण्याची मर्यादा आणखी दूर जाते. तरीही आम्ही मुद्दाम त्याच दिशेला जातो. त्याचं कारण पल्सच्या लांबीत सापडत नाही. ते अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या वागण्यात आहे.

तीव्र लेझर अणूवर पडला की त्याच्या विद्युत क्षेत्राने अणूची पकड एका बाजूने वाकते आणि इलेक्ट्रॉन बाहेर निसटतो. क्षेत्राची दिशा उलटली की हाच इलेक्ट्रॉन मागे ओढला जातो आणि आपल्याच आयनावर येऊन आदळतो. आदळताना तो एक तर पुन्हा अणूत सामावतो आणि जास्तीची ऊर्जा अतिनील किंवा क्ष-किरणांच्या रूपात टाकून देतो, नाही तर आयनावरून विखुरला जाऊन त्या आयनाची रचना आपल्यासोबत घेऊन येतो. हे चित्र पॉल कॉर्कम यांनी १९९३ साली मांडलं आणि आजही आमचं बहुतेक काम त्याच्याच आधाराने चालतं.

कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलेल्या कोणालाही हे माहीत असतं: भराभर येणाऱ्या बारक्या लाटा माणसाला जागच्या जागी हलवतात, पण दोन उसळ्यांमध्ये बराच वेळ असलेली लांब लाट पायाखालची वाळू काढत आत ओढून नेते आणि तितक्याच जोराने किनाऱ्याकडे फेकते. इलेक्ट्रॉनचं तसंच होतं. आवर्तन जितकं लांब, तितका तो अणूपासून दूर जातो आणि परत येताना तितका वेग धरतो.

आता आकडे पाहू, कारण खरी गंमत त्यात आहे. लेझरची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला १०^१४ वॅट धरा. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोकळ्या इलेक्ट्रॉनची दोलनऊर्जा सरासरी ६ इलेक्ट्रॉन व्होल्ट होते. तीव्रता तीच ठेवून २ मायक्रॉनला गेलो तर ती ३७ होते, कारण ही ऊर्जा तरंगलांबीच्या वर्गाने वाढते. परतणारा इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त ३.१७ पट ऊर्जा घेऊन येऊ शकतो. म्हणजे पहिल्या बाबतीत सुमारे १९ आणि दुसऱ्या बाबतीत सुमारे ११८ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आर्गॉनची १५.८ इलेक्ट्रॉन व्होल्टची आयनीभवन ऊर्जा त्यात मिळवली, तर बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची मर्यादा ३५ वरून थेट १३४ वर जाते. अणू तोच आणि तीव्रताही तीच, बदललेली आहे फक्त तरंगलांबी.

तीव्रता वाढवून हेच साधत नाही का, असं कोणीतरी लगेच विचारतं. थोडंफार साधतं. पण एका मर्यादेपलीकडे तीव्रता नेली की पल्सचा मुख्य भाग येण्याआधीच सगळे अणू आयनित होऊन बसतात आणि मोजायला काही उरत नाही. तरंगलांबी वाढवताना हा तोटा होत नाही.

मग तरंगलांबी १० किंवा २० मायक्रॉनपर्यंत का नेत नाही?

कारण याची किंमत जबर आहे. इलेक्ट्रॉन जितका लांब जातो, तितका त्याचा तरंगपुंज वाटेत पसरतो, आणि परतताना आयनाला गाठण्याची शक्यता घटते. अणूतून निघणाऱ्या या जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचं, म्हणजे हार्मोनिकचं, उत्पन्न तरंगलांबीच्या पाचव्या ते सहाव्या घाताने पडतं. ०.८ वरून २ मायक्रॉनला गेलं तर एकेका अणूमागे शंभर ते अडीचशे पट घट होते. ही घट काही अंशी भरून काढता येते. वायूचा दाब वाढवायचा आणि सगळ्या अणूंचा प्रकाश एकाच ठेक्यात बाहेर पडेल अशी जुळणी करायची. २०१२ साली अमेरिकेतल्या ‘जायला’ (JILA) या संस्थेच्या गटाने व्हिएन्नाच्या सहकाऱ्यांबरोबर ३.९ मायक्रॉनचा लेझर उच्च दाबाच्या हेलियममधून सोडून १.६ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे क्ष-किरण मिळवले. एका क्ष-किरण फोटॉनमागे पाच हजारांहून जास्त अवरक्त फोटॉन. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतल्या सर्वांत धाडसी प्रयोगांपैकी तो एक आहे.

रोजच्या कामासाठी मात्र १.५ ते ४ मायक्रॉन हा पट्टा सोयीचा. तिथे ऊर्जा वाढल्याचा फायदा पदरात पडतो आणि उत्पन्नही पार तळाला जात नाही.

असा लेझर विकत मिळत नाही का?

काही प्रमाणात मिळतो. पण अडचण अशी की या क्षेत्राचा आधार झालेला टायटेनियम-सॅफायर लेझर ८०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतो. १९९१ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यातून फेमटोसेकंद पल्सची माळ आपोआप निघू शकते हे दिसलं आणि पुढची दोन दशकं जवळपास प्रत्येक प्रयोगशाळा त्याच्यावर उभी राहिली. तरंगलांबी ठरली ती स्फटिकाच्या स्वभावामुळे. अणूला कोणती हवी, हे कोणी विचारलंच नव्हतं.

आता थुलियम मिसळलेले तंतू २ मायक्रॉनच्या जरा अलीकडे आणि होल्मियमचे लेझर जरा पलीकडे पल्स देतात. क्रोमियम मिसळलेला झिंक सल्फाइड २ ते ३ मायक्रॉनच्या पट्ट्यात फार आशादायक आहे. पण जास्त ऊर्जा, अगदी लहान पल्स आणि हवी ती तरंगलांबी या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील, तर बहुतेक वेळा स्रोत स्वतः उभारावा लागतो. प्रयोगाला लागणारा लेझर नाही म्हणून प्रयोग थांबतो आणि लेझर झाला की त्याच वर्षी प्रश्न सुटायला लागतात, हे या क्षेत्रात वारंवार घडलंय. म्हणून स्रोत बांधण्याला दुय्यम, कारागिरीचं काम समजणाऱ्यांशी मी वाद घालते. अणूला कोणता प्रश्न विचारता येईल, हेच मुळात स्रोत ठरवतो.

तुम्ही ८०० किंवा १०३० नॅनोमीटरच्या प्रकाशापासून ३ मायक्रॉन बनवता कसे?

फोटॉन फोडून. काही स्फटिकांत तीव्र प्रकाश शिरला की एका मोठ्या फोटॉनचे दोन लहान फोटॉन होऊ शकतात. दोघांच्या ऊर्जेची बेरीज मूळ फोटॉनइतकीच. मूळ किरणाला पंप म्हणतात, दोन अपत्यांना सिग्नल आणि आयडलर. पंप १.०३ मायक्रॉनचा आणि सिग्नल १.५५ मायक्रॉनचा असेल तर आयडलर ३.०७ मायक्रॉनचा निघतो. कागदावर तरंगलांब्यांचे व्यस्त मांडून वजाबाकी करून पाहा, अकरावीचं गणित आहे. या यंत्रणेला ऑप्टिकल पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायर, बोलताना ओपीए, म्हणतात.

पंपासाठी हल्ली यटर्बियमचे लेझर वापरतात. डायोडने चालतात, तापत कमी, सेकंदाला हजारो पल्स देतात. त्याच पंपाचा एक बारीक हिस्सा काढून काही मिलिमीटर जाडीच्या याग स्फटिकात केंद्रित करायचा. ऊर्जा अगदी हळू वाढवत नेली की एका क्षणी पलीकडच्या कागदावर पांढरा स्वच्छ ठिपका उमटतो, भोवती रंगीत कडं. या पांढऱ्या प्रकाशाचं शेपूट अवरक्तातही पसरलेलं असतं, आणि सिग्नलचं बीज तिथून घेतात. ऊर्जा आणखी थोडी वाढवली की ठिपका थरथरतो, मग त्याचे दोन होतात. तिथून मागे फिरायचं, नाही तर स्फटिकाला डाग पडतो.

यानंतरचं काम मला सर्वांत आवडतं. पंप आणि बीज हे दोन किरण ओपीएच्या स्फटिकात एकाच जागी आणि एकाच वेळी पोचले पाहिजेत. दोघेही डोळ्यांना दिसत नाहीत. जागा जुळवायला अवरक्त कार्ड असतं. ते नसेल तर एटीएमच्या पावतीसारखा उष्णतेने काळा पडणारा कागद तीव्र किरणाच्या वाटेत धरतात. वेळ जुळवणं कठीण. पंपाची पल्स दोन-अडीचशे फेमटोसेकंदांची, म्हणजे अवकाशात जेमतेम ६० ते ७५ मायक्रॉनांत मावणारी. म्हणून एका आरशाची जोडी सूक्ष्म स्क्रूवर बसवतात आणि तो स्क्रू अंधारात हळूहळू फिरवत राहतात. आरसे दीड मायक्रॉन सरकले की जाऊन-येऊन तीन मायक्रॉनचा, म्हणजे १० फेमटोसेकंदांचा फरक पडतो. बराच वेळ काही घडत नाही. आणि मग अचानक दोन अदृश्य किरणांच्या बरोबर मध्ये केशरी-लाल ठिपका उजळतो. १.०३ आणि १.५५ मायक्रॉनच्या फोटॉनची बेरीज होऊन ६१९ नॅनोमीटरचा दृश्य प्रकाश तयार झालेला असतो. तो दिसला म्हणजे दोघांची भेट झाली. त्यानंतर स्फटिकाचा कोन जरा फिरवला की खरा सिग्नल वाढायला लागतो.

कोणता स्फटिक घ्यायचा हे तरंगलांबीवर ठरतं. बीबीओ अडीच-तीन मायक्रॉनच्या पुढे प्रकाश गिळायला लागतो. लिथियम नायोबेट आणि केटीए चार मायक्रॉनच्या आसपासपर्यंत साथ देतात. त्याहून पुढे झिंक जर्मेनियम फॉस्फाइड उत्तम, पण त्याला पंपच मुळात २ मायक्रॉनच्या आसपासचा लागतो. म्हणून थुलियम-होल्मियमच्या लेझरना इतकी मागणी आहे.

‘चर्प्ड पल्स’ म्हणजे काय?

लहान पल्स थेट वाढवली तर तिची तीव्रता वर्धक स्फटिकालाच जाळते. म्हणून आधी तिच्यातले रंग पुढेमागे करून तिला हजारो पट लांब ताणायचं (अशी ताणलेली पल्स म्हणजे चर्प्ड पल्स), मग ऊर्जा वाढवायची, मग जाळ्यांच्या (ग्रेटिंगच्या) जोडीने पुन्हा आखडायचं. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी हे १९८५ साली दाखवलं. २०१८ च्या नोबेलचा अर्धा भाग त्यांना याबद्दल मिळाला.

शेवटच्या पल्सचा अंदाज यावा म्हणून हिशोब करते. १ मिलिजूल ऊर्जा ३० फेमटोसेकंदांत कोंबली की शक्ती होते ३३ गिगावॅट. सगळ्या कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, म्हणजे तिच्या जवळपास सतरा पट. पण फक्त त्या निमिषापुरती. सेकंदाला अशा हजार पल्स सोडल्या तरी सरासरी भरते १ वॅट.

अवरक्तात पल्स आखडणं जास्त अवघड असतं का?

एका बाबतीत उलट सोपं असतं. दृश्य प्रकाशात काचेतून जाताना पल्स पसरते आणि ती परत आखडायला खास आरसे लागतात. पण साध्या क्वार्ट्झ काचेचा हा स्वभाव १.२७ मायक्रॉनच्या पुढे उलटा होतो. त्यामुळे १.८-२ मायक्रॉनची पल्स वायूने भरलेल्या पोकळ तंतूतून नेऊन तिचा वर्णपट रुंद केला की नंतर वाटेत काचेची योग्य जाडीची चकती ठेवणं पुष्कळदा पुरतं. इतकी स्वस्त सोय या विषयात फार ठिकाणी मिळत नाही.

अवघड जातं ते रुंदीचं. ८०० नॅनोमीटरला १० फेमटोसेकंदांच्या पल्सला सुमारे ९४ नॅनोमीटर रुंदीचा वर्णपट लागतो. ३ मायक्रॉनला तेवढ्याच पल्ससाठी सुमारे १.३ मायक्रॉन लागतो. एवढ्या पट्ट्यात सारखं वागणारे आरसे, स्फटिक, खिडक्या शोधणं हे वेळखाऊ काम आहे.

इतकी लहान पल्स मोजता कशी? तेवढं चपळ उपकरण तर नसणारच.

नाहीच. म्हणून पल्स स्वतःवरच मोजतात. तिचे दोन भाग करायचे, एकाला थोडा उशीर लावायचा, दोन्ही पातळ स्फटिकात भेटवायचे आणि प्रत्येक उशिराला निघणाऱ्या दुप्पट वारंवारतेच्या प्रकाशाचा वर्णपट नोंदवायचा. तयार होणाऱ्या नकाशावरून संगणक पल्सचा आकार आणि तिच्यातल्या रंगांचा क्रम शोधून काढतो. १९९० च्या दशकात रिक ट्रेबिनो आणि डॅनियल केन यांनी आणलेली ही पद्धत ‘फ्रॉग’ म्हणून ओळखली जाते. अवरक्तात प्रकाश टिपणाऱ्या शोधकांची (डिटेक्टरची) अडचण असते. सिलिकॉन १.१ मायक्रॉनला आंधळं होतं, इंडियम गॅलियम आर्सेनाइड साधारण १.७ पर्यंत पाहतं, त्यापुढे बहुतेक वेळा द्रव नायट्रोजनने थंड केलेला शोधक लागतो.

सीईपी हा शब्द सतत ऐकू येतो. तो एवढा महत्त्वाचा का?

पल्समध्ये दोन-तीनच आवर्तनं असतील, तर लहरीचा माथा पल्सच्या मधोमध येतो की थोडा बाजूला, याने क्षेत्राचं कमाल मूल्य आणि दिशा बदलते. इलेक्ट्रॉन डावीकडे उडेल की उजवीकडे हेही त्यावर ठरतं. ही स्थिती म्हणजे सीईपी (कॅरिअर-एन्व्हलप फेज), आणि ती दर पल्सला सारखी ठेवणं म्हणजे सीईपी स्थिर करणं. आयडलरची इथे एक देखणी गोष्ट आहे. पंप आणि सिग्नल एकाच मूळ पल्समधून आले असतील, तर आयडलरमध्ये दोघांच्या कलांची वजाबाकी होते आणि मूळ लेझरचं भरकटणं आपोआप कटतं. कोणतंही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण न लावता स्थिरता मिळते.

रेणूंबद्दल यातून नवं काय कळलं?

मघाशी ११८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा आकडा आला होता. त्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची स्वतःची तरंगलांबी ०.११ नॅनोमीटर भरते. नायट्रोजनच्या रेणूतलं दोन अणूंमधलं अंतरही ०.११ नॅनोमीटर. म्हणजे रेणूचा स्वतःचाच इलेक्ट्रॉन परत येऊन रेणूची रचना मोजू शकतो. २०१२ साली ओहायोच्या गटाने २ मायक्रॉनच्या आसपासचे लेझर वापरून नायट्रोजन आणि ऑक्सिजनवर हे करून दाखवलं. २०१६ मध्ये बार्सिलोनाजवळच्या इक्फो संस्थेत ३.१ मायक्रॉनच्या लेझरने दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ॲसिटिलिन तुटताना पकडला. आयनीभवनानंतर अवघ्या ९ फेमटोसेकंदांनी एक प्रोटॉन निघून चाललेला त्यांना दिसला. ८०० नॅनोमीटरच्या लेझरने परतणारा इलेक्ट्रॉन इतका मंद असतो की हे तपशील त्याच्या नजरेत येत नाहीत.

दुसरा फायदा थेट कंपनांचा. कार्बन-हायड्रोजन आणि ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ३ मायक्रॉनच्या आसपास शोषण करतात, कार्बन डायऑक्साइड ४.२६ ला, कार्बन मोनॉक्साइड ४.६७ ला. हव्या त्या बंधाला धक्का देऊन पुढे काय होतं ते पाहायला याच पट्ट्यातली पल्स हवी.

आणि अवरक्ताने थिअरीवाल्यांनाही धक्का दिलाय. २००९ साली लांब तरंगलांबीला अणूंतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत अगदी कमी ऊर्जेला एक उंचवटा दिसला. तोवरच्या प्रचलित सूत्रांत त्याचा मागमूस नव्हता. इलेक्ट्रॉन बाहेर पडल्यावर आयनाचं आकर्षण नगण्य धरायचं, ही सवय तिथे मोडली.

२०२३ चं नोबेल तर ॲटोसेकंदला मिळून गेलं. आता काय उरलं?

पुष्कळ. ते नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ॲन ल्युलिए यांना १९८७ साली निष्क्रिय वायूत जे हार्मोनिक दिसले, तेही अवरक्त लेझरनेच. २००१ मध्ये पियर ॲगोस्टिनी यांनी २५० आणि फेरेंक क्राउस यांनी ६५० ॲटोसेकंदांच्या पल्स मोजल्या. त्यांतली ऊर्जा काही दशक इलेक्ट्रॉन व्होल्टची होती. जीवनाशी जवळचं नातं सांगणारा पट्टा मात्र २८४ ते ५४३ इलेक्ट्रॉन व्होल्टचा आहे. तिथे कार्बन आणि नायट्रोजन शोषण करतात आणि पाणी बरंचसं पारदर्शक राहतं. त्या पट्ट्यात टेबलावरच्या लेझरने पोचायचं तर अवरक्त स्रोताला फारसा पर्याय नाही. तिथला प्रकाश अजून क्षीण आहे. तो वाढवणं, हे काम तुमच्या पिढीसाठी शिल्लक आहे.

हेलियमचा शोध विजयदुर्गात लागला म्हणतात. त्याचा या कामाशी संबंध आहे का?

वायूशी संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाशी जोडलेले ‘साहेबाचे ओटे’ विजयदुर्ग किल्ल्यावर दाखवतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो. नोंदी पाहिल्या तर हेलियमच्या शोधाचं श्रेय ज्यांना देतात त्या दोघांपैकी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविना सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. दुसरे, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, यांचं ग्रहणातलं निरीक्षण गुंटूरचं. पृथ्वीवर हेलियम विल्यम रॅमझी यांना १८९५ साली सापडला. हे सांगितल्याने किल्ल्याचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही. त्या ग्रहणाची आठवण जपणारं गाव म्हणून विजयदुर्गाचा अभिमान रास्तच आहे.

प्रयोगात हेलियम लागतो कारण सर्व मूलद्रव्यांत तो आपला पहिला इलेक्ट्रॉन सर्वांत घट्ट धरतो, २४.६ इलेक्ट्रॉन व्होल्टने. त्यामुळे जास्त तीव्रता सोसतो आणि सर्वांत जास्त ऊर्जेचे हार्मोनिक देतो.

कोकणाच्या हवेत अशी प्रयोगशाळा चालेल?

चालेल, पण पावसाळ्याचा विचार पायापासून करावा लागेल. मुंबईत कुलाब्याला समुद्राला लागून असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) फेमटोसेकंद लेझरवर वर्षानुवर्षं काम चालू आहे, म्हणजे खारा वारा हे न करण्याचं कारण होऊ शकत नाही.

पहिली अडचण हवेतल्या वाफेची. पाण्याची वाफ १.३८, १.८७ आणि २.७ मायक्रॉनच्या आसपास आणि पुढे साडेपाच ते साडेसात मायक्रॉनच्या पट्ट्यात प्रकाश शोषते. नुसती ऊर्जा घटली असती तर चाललं असतं. पण वाफेच्या रेषा अतिशय अरुंद असतात, आणि अरुंद रेषेने शोषलेला प्रकाश रेणू नंतर बराच वेळ परत सोडत राहतात. तुमच्या ३० फेमटोसेकंदांच्या सुबक पल्समागे कित्येक पिकोसेकंदांचं शेपूट लागतं. जुलैत, आर्द्रता नव्वदीला टेकलेली असताना, हे शेपूट फ्रॉगच्या नकाशात स्पष्ट दिसतं. उपाय एकच: किरणाची सगळी वाट बंद पेटीत घ्यायची आणि आतून कोरडा नायट्रोजन फिरवत ठेवायचा. पेटी उघडली की पुन्हा कोरडी व्हायला वेळ द्यायचा. घाईला इथे जागा नाही.

दुसरी अडचण दवबिंदूची, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी आधी सांगत नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो. लेझर थंड ठेवणारं पाणी साधारण २० अंशांवर चालवतात. खोलीची हवा सुकवलेली नसेल तर त्या नळ्यांना, लेझरच्या बुडाला आणि सर्वांत वाईट म्हणजे थंड केलेल्या स्फटिकाला घाम येतो. म्हणून एसीच्या जोडीला हवा सुकवणारं वेगळं यंत्र हवंच, आणि वीज गेली तर चिलर आधी बंद व्हावा अशी व्यवस्था हवी. बीबीओसारखे ओल धरणारे स्फटिक खोलीच्या तापमानापेक्षा जरा गरम बैठकीत ठेवावेत. मीठ किंवा पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या कोकणात आणूच नयेत, कॅल्शियम फ्लोराइडवर भागवावं.

खाऱ्या हवेला तोंड द्यायला खोलीत बाहेरपेक्षा किंचित जास्त दाब आणि गाळलेली हवा. सोनं काळवंडत नाही आणि अवरक्त उत्तम परतवतं, म्हणून आरसे सोन्याचे. पण सोन्याच्या जाळीवर बोट लागलं की ती गेली. ती पुसायची सोय नसते.

कंपनांसाठी हवेच्या पायांवरचं टेबल आणि तळमजला. मोजमापासाठी जागा निवडण्याची परंपरा या किनाऱ्याला जुनी आहे. मुंबईत ट्राम विजेवर जाणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली गेली, १९०४ साली. शांत जागेचं मोल ओळखणारी माणसं तेव्हा होती.

डोळ्यांना धोका किती?

मोठा, आणि न दिसणारा. १.४ मायक्रॉनपर्यंतचा प्रकाश डोळ्याचं भिंग थेट पडद्यावर केंद्रित करतं. तिथली इजा भरून येत नाही. त्यापुढचा प्रकाश बुबुळावरच शोषला जातो, म्हणून काहीजण त्याला ‘डोळ्यांना सुरक्षित’ म्हणतात. तो शब्द वापरू नये. मिलिजूलची पल्स बुबुळ भाजते. शिवाय ३ मायक्रॉनच्या शेजारी १.०३ मायक्रॉनचा पंप फिरतच असतो. चष्मा नेमक्या तरंगलांब्यांचा घ्यायचा, किरण टेबलाच्या उंचीवरच ठेवायचा, हातातली अंगठी-घड्याळ काढायचं आणि किरणाच्या उंचीवर डोळे न्यायचे नाहीत. केशरी ठिपका पाहायचा तोही कागदावर किंवा कॅमेऱ्यातून.

मुलीला हे शिकायचंय. गावाकडच्या कॉलेजातून पोचता येईल का? मराठी माध्यमाचं काय?

येतं पोचता. बीएस्सी भौतिकशास्त्र पक्कं करा, त्यातही विद्युतचुंबकत्व, प्रकाशिकी आणि फूरिए विश्लेषण. एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, पुढे जेस्ट आणि टीआयएफआरची प्रवेश परीक्षा. पदवीत असतानाच मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा नियस कार्यक्रम आणि टीआयएफआरचा उन्हाळी व्हीएसआरपी यांना अर्ज करावा. लेझरबांधणीत इंदूरचं राजा रामण्णा केंद्र देशात अग्रेसर आहे, त्यांच्याकडच्या संधींवर लक्ष ठेवा. इंग्रजी वाचून वाचून येतं. त्यापायी मागे राहू नका.

हाताची सवयही तितकीच लागते. सोल्डरिंग, थोडं पायथन, पाण्याच्या नळ्यांचे सांधे, निर्वात पंपाचं तेल, लेथवर एखादा ब्रॅकेट. घरात बोटीचं इंजिन किंवा विहिरीचा पंप उघडणारं कोणी असेल, तर त्यांच्याजवळ उभं राहून पाहा.

फेमटोसेकंद लेझर नसलेल्या कॉलेजात आजपासून काय करता येईल?

टीव्हीच्या रिमोटमधला डायोड ९४० नॅनोमीटरच्या आसपास चमकतो. बऱ्याच मोबाइलच्या, विशेषतः पुढच्या, कॅमेऱ्यात तो दिसतो. अदृश्य किरण उपकरणाने पाहण्याचा हा पहिला धडा. मग हेलियम-निऑन लेझर घेऊन मायकेल्सन इंटरफेरोमीटर स्वतः जुळवा आणि पट्टे स्थिर ठेवून दाखवा. जमलं की लेझरच्या जागी पांढरा एलईडी लावा. पट्टे काही मायक्रॉनच्या अंतरातच दिसतात आणि आरसा जरा सरकला की नाहीसे होतात. तो आरसा सावकाश सरकवत पट्टे शोधणं आणि ओपीएमध्ये दोन पल्सची वेळ जुळवणं यांत हाताला करायचं काम तेच आहे.